दारावरचे बाभळीचे ओरखडे

परभणीकडच्या शेतरस्त्यावर बाभळीच्या काट्यांनी गाडीच्या दारावर ओरखडे उठले. नख फिरवले असता ते अडकले नाही, म्हणजे इजा रंगावरच्या पारदर्शक क्लिअर कोटपुरतीच होती. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचाच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असल्यामुळे घासताना हात आवरता ठेवावा लागतो. आधी शाम्पूने धूळ पूर्ण काढली, मग २००० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यासोबत वापरायचा अगदी बारीक सँडपेपर) ओला करून ओरखड्यापुरताच हलका फिरवला आणि पृष्ठभाग धूसर झाल्यावर रबिंग कंपाउंड, म्हणजे बारीक घासून चमक आणणारी पेस्ट, मायक्रोफायबर कापडाने चोळून चमक परत आणली. तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड लगेच वाळते, त्यामुळे आपल्याकडच्या एप्रिलात हे काम सकाळी, सावलीतच करावे. हँडलजवळ मात्र नख अडकत होते, म्हणजे ओरखडा क्लिअर कोटच्या खाली गेला होता. तिथे गाडीच्या रंग-क्रमांकाचा टचअप पेंट काडीने टेकवला. तो जवळून ओळखू येतो, पण पत्रा गंजत नाही.