भातकापणी आणि घोणस: विळा हातात घेण्याआधी

भात पिवळं पडलं की आपण बांध फोडून खाचरातलं पाणी सोडतो. जमीन सुकू लागते, लोंब्यांवर उंदीर येतात आणि उंदरांमागे घोणस येते. पावसात ती बांधावर, गवतात किंवा उंदरांच्या बिळात असते. कापणीला मात्र ती थेट आपल्या पायाखाली असू शकते.

खाचरात दिसणारा साप बहुतेक वेळा दिवड असतो. काही भागांत त्याला विरोळा म्हणतात. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकडे, डोळ्याखाली काळ्या तिरप्या रेषा, आणि चाहूल लागताच सळकन पाण्यात. तो चिडका आहे, चावतो, पण विषारी नाही. दर हंगामात कितीतरी दिवड नाहक मारले जातात, याचं फार वाईट वाटतं.

घोणस जाड अंगाची, तपकिरी. पाठीवर साखळीच्या कड्यांसारख्या गडद लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा, मधली रांग सर्वांत ठळक. डोकं त्रिकोणी, मान बारीक, शेपूट आखूड. दुरून अजगराचं पिल्लू वाटतं, आणि ते समजून कौतुकाने हात लावणारे फसतात. अजगराचे ठिपके वेडेवाकडे, नकाशासारखे असतात. घोणशीची कडी रेखीव असतात.

तिची वागणूक मात्र रंगापेक्षाही नीट लक्षात ठेवा. दिवड पळतो, घोणस पळत नाही. ती वेटोळं करून निपचित पडते आणि अगदी जवळ गेलं की कुकरच्या शिट्टीसारखा लांब फूत्कार टाकते. तो ऐकलात की आहात तिथेच थांबा, ती कुठे आहे ते बघा, मग सावकाश मागे या. घोणस अंडी घालत नाही, पिल्लंच देते. एका वेळी वीस-चाळीस पिल्लं होतात, बहुतेक पावसाळ्याच्या तोंडाला. म्हणजे कापणीच्या वेळी वीतभर-हातभर पिल्लंही शेतात असतात, आणि त्यांनाही जन्मापासून विष असतं.

चारही बाजूंनी कापत मध्ये येऊ नका, शेवटच्या तुकड्यात उंदीर आणि साप कोंडले जातात. एका कडेने सुरुवात करून बांधाकडची बाजू मोकळी ठेवा. पायात गमबूट हवेतच, कारण बहुतेक दंश पावलाला किंवा घोट्याजवळ होतात. कापून पसरलेलं भात दुसऱ्या दिवशी उचलताना आधी काठीने हलवा. रात्रभर त्याखाली उंदीर शिरलेले असतात. भारे बांधताना पेंढीखाली हात घालू नका, विळ्याच्या टोकाने ओढून घ्या. थंडी पडली की सकाळच्या उन्हाला घोणस बांधावर येते, तेव्हा न्याहारीला बसण्याआधी जागा बघा. अंधारात खळ्यावर जाताना बॅटरी हवीच.

दंश झालाच तर साप कोणता याचा खल करत बसू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर आपल्याकडे एकच प्रतिविष आहे. साप मारण्यात, शोधण्यात वेळ घालवू नका. जोडवी, पैंजण, अंगठी लगेच काढा, सूज चढते. पायाला फळी किंवा काठी बांधून तो हलू देऊ नका, आणि माणसाला चालवू नका. आवळून दोरी बांधणं, चिरा देणं, रक्त चोखणं, मांत्रिकाकडे नेणं, यातलं काहीही नको. घोणशीच्या विषाने रक्त गोठणं बंद होतं, हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चिरा दिलेली जखम मग वाहतच राहते. दवाखान्यात काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवतात. ते गोठलं नाही तर प्रतिविष सुरू करतात. दंशाची वेळ डॉक्टरांना सांगा. दुखतं म्हणून मेडिकलमधून आणलेली गोळी देऊ नका, काही वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढतो.

कापणीच्या आदल्या दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात फोन करून प्रतिविष शिल्लक आहे का ते विचारून घ्या, नसेल तर कुठे मिळेल तेही. रात्री गाडी कोणाची मिळेल ते ठरवून ठेवा. १०८ हा नंबर घरातल्या प्रत्येकाला, म्हाताऱ्या माणसांनासुद्धा, पाठ असू द्या.