जुनी डिझेल इनोव्हा घेताना काय, कसं आणि कुठे तपासायचं

"टोयोटा आहे साहेब, पाच लाख किलोमीटर काही होत नाही." जुन्या गाड्यांच्या बाजारात इनोव्हासमोर उभं राहिलं की हे वाक्य कानावर पडतंच. ते पूर्ण खोटं नाही, आणि म्हणूनच महागात पडतं. पाच लाख चाललेल्या इनोव्हा रस्त्यावर आहेत, पण त्यांच्या मालकांनी ऑइल, टायमिंग बेल्ट आणि इंजेक्टरचे वॉशर वेळच्या वेळी बदललेले असतात. दलाल कंपनीचं नाव विकतो. आपण घेतो ती मात्र कुणीतरी दहा-बारा वर्षं राबवलेली एक गाडी.

त्या नावामागची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तपासणीची पद्धतही तिथूनच उचलायची आहे. टोयोदा घराण्याचा मूळ धंदा मागांचा. साकिची टोयोदा यांचा १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. खराब कापड विणत राहण्यापेक्षा थांबलेला माग परवडला, हा त्यामागचा हिशेब. १९२९ मध्ये या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीला एक लाख पौंडांना विकले गेले. साकिचींचे चिरंजीव किइचिरो यांनी १९३७ मध्ये मोटार कंपनी स्वतंत्र उभी केली. 'टोयोदा'चं 'टोयोटा' झालं, कारण जपानी काताकाना लिपीत हे नाव आठ फटकाऱ्यांत लिहून होतं आणि आठ हा तिकडे शुभ आकडा.

कीर्ती पहिल्या दिवसापासून नव्हती. १९५० मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या काठावर होती, कामगारांचा मोठा संप झाला आणि किइचिरोंनी राजीनामा दिला. १९५७ मध्ये अमेरिकेत नेलेली क्राऊन तिथल्या हमरस्त्यांच्या वेगाला धापा टाकू लागली. तिकडे कंपनीची अब्रू राखली ती लँड क्रूझरने. कारखान्यात दोष दिसला की कामगाराने दोरी ओढून लाइन थांबवायची, आणि एका बिघाडाला पाच वेळा 'का?' विचारायचं, या सवयींवर पुढची पत उभी राहिली.

भारतात ही कंपनी आली तीही मागाच्याच वाटेने. किर्लोस्करवाडीच्या लोखंडी नांगरांनी नाव कमावलेल्या घराण्यातल्या विक्रम किर्लोस्करांनी १९९५ मध्ये टोयोटा समूहाबरोबर कापडयंत्रांचा कारखाना काढला आणि १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर स्थापन झाली. बंगळुरूजवळच्या बिडदीतून २००० मध्ये क्वालिस आली आणि २००५ मध्ये तिच्या जागी इनोव्हा.

कुठली इनोव्हा?

२००५ ते २०१६ ची पहिली पिढी: २.५ लिटरचं डिझेल इंजिन, घराण्याचं नाव २केडी, ताकद १०२ पीएस, टायमिंग बेल्टवर (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणाऱ्या पट्ट्यावर) चालणारं. २०१६ पासून क्रिस्टा: २.४ लिटरचं २जीडी आणि ऑटोमॅटिकला सुरुवातीला २.८ लिटरचं १जीडी. दोन्हींना टायमिंग चेन, म्हणजे ठरावीक अंतरावर बेल्ट बदलायचा खर्च नाही. दोन्ही पिढ्या शिडीसारख्या चासीवर उभ्या आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या. क्वालिसला मागे पाटे होते, इनोव्हाला कॉइल स्प्रिंग आहेत. मधल्या रांगेतल्या माणसाचं अंग प्रवासात आंबत नाही, त्याचं बरंचसं श्रेय त्या स्प्रिंगना. २०२२ च्या शेवटी दाखवलेली हायक्रॉस ही चासी नसलेली, पुढच्या चाकांवर चालणारी पेट्रोल गाडी. तिची तपासणी पूर्ण वेगळी, ती इथे धरलेली नाही.

थंड इंजिनावरच जा

विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा: गाडी सुरू करून ठेवू नको. सकाळी पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहा पिऊन या किंवा दुसऱ्या दिवसाची वेळ घ्या. केडी इंजिनाचे बहुतेक रोग पहिल्या दोन मिनिटांतच दिसतात, आणि नेमकी तीच दोन मिनिटं विक्रेत्याने आधी संपवलेली असतात.

चावी फिरवा, पण लगेच सेल्फ मारू नका. ऑइल प्रेशरचा आणि इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे. लागत नसेल तर तो कुणीतरी बंद केलाय. आता सेल्फ मारा आणि नजर फक्त ऑइलच्या दिव्यावर ठेवा. तो एक-दोन सेकंदांत विझायला हवा. चार-पाच सेकंद रेंगाळला तर पुढचा भाग नीट वाचा.

इंजेक्टरचे वॉशर: सगळ्यात महाग पडणारी सगळ्यात स्वस्त वस्तू

सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या प्रत्येक इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचा एक वॉशर असतो. सिलिंडरमधला जळता वायू वर येऊ न देणं एवढंच त्याचं काम. तो बसका झाला की काय होतं, ते टोयोटाच्याच पाच 'का'नी पाहू. इंजिन जाम का झालं? बेअरिंगना ऑइल मिळालं नाही. का? ऑइल पॅनमधली जाळी बुजली. का? जाळीवर कोळशाचा चिखल साचला. का? जळका वायू वॉशरच्या कडेने निसटून ऑइलमध्ये मिसळत राहिला. का? इंजेक्टर दुरुस्तीला काढले तेव्हा जुनेच वॉशर पुन्हा बसवले, किंवा ते वर्षानुवर्षं बदललेच नाहीत. सुरुवात शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूपासून, शेवट पूर्ण इंजिन खोलण्यात.

ओळखायचं कसं? थंड्यात सुरू केल्यावर मिनिटभर हातोडीसारखी टक्-टक् येते आणि गरम झाल्यावर कमी होते. ऑइल भरायचं झाकण उघडा. आत डांबरासारखा, बोटाने खरवडून निघणारा काळा थर असेल तर तो नुसत्या वयाचा नाही. डिझेल इंजिनाचं ऑइल काळंच असतं, त्या रंगाला घाबरू नका. घाबरायचं ते घट्ट चिखलाला. झाकण उघडं असताना आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, हलका वाफारा येणं चालतं. झाकण उलटं ठेवल्यावर ते नाचून खाली पडत असेल किंवा फुस्-फुस् करून धूर येत असेल तर ते बॅक कॉम्प्रेशन: वॉशर तरी गेलेत, नाहीतर पिस्टनच्या रिंगा.

यापुढे स्कॅनर लागतो. टोयोटाची गाडी वाचू शकणाऱ्या स्कॅनरवर चारही इंजेक्टरचे फीडबॅक आकडे दिसतात. इंजिन गरम, एसी बंद, आयडलला. आकडे शून्याच्या आसपास, ±३ च्या आत असावेत. एकच आकडा बाकीच्यांपासून लांब पळाला असेल तर तो इंजेक्टर जायच्या वाटेवर आहे, आणि चार इंजेक्टरचं बिल किमतीतून वळतं करून घ्यायला हवं. आयडलला इंजिन वरखाली डोलत असेल किंवा सिग्नलला अचानक बंद पडत असेल, तर इंजेक्टरला दोष देण्याआधी डिझेल पंपावरचा सक्शन कंट्रोल व्हॉल्व्ह आणि डिझेल फिल्टर पाहायला सांगा. अनेक गॅरेजमध्ये इथेच उलटा क्रम लावून आधी इंजेक्टर उतरवतात.

टायमिंग बेल्ट

हा प्रश्न फक्त पहिल्या पिढीचा. साधारण एक लाख किलोमीटरला बदलायचा, दीड लाखाच्या पुढे तर ढकलायचाच नाही. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवा असेल तर तो विझलेला आहे एवढ्यावर विसंबू नका. तो बेल्ट न बदलताही रीसेट करता येतो. बिल मागा. बिलात बेल्टबरोबर आयडलर पुली आणि टेन्शनर असायला हवेत. नुसता बेल्ट बदलून जुना टेन्शनर ठेवला असेल तर ते काम अर्धवट झालं असं धरा. बिलच नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं समजून किंमत लावा.

मीटर आणि पिवळी पाटी

महाराष्ट्रात इनोव्हा जेवढी घरात आहे, त्याहून जास्त टुरिस्टच्या धंद्यात राबलेली आहे. ८० हजार दाखवणारं मीटर आणि तीन लाख चाललेली गाडी ही जोडी दुर्मीळ नाही. म्हणून मीटर नंतर, माणसांचे हात लागतात त्या जागा आधी. मधल्या रांगेच्या दाराचं हँडल, सीटच्या रुळांवरचा घासलेला रंग, मागच्या रांगेत जाताना पाय पडतो तिथला गालिचा, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरच्या बाजूची दबलेली कड, क्लचच्या पेडलवरचं गुळगुळीत रबर. स्टिअरिंगवर नवं कव्हर आणि पेडलला नवी रबरं एकत्र दिसली की शंका घ्या. छतावर कॅरियरच्या खुणा, स्पीड गव्हर्नर काढल्यावर राहिलेल्या तुटक्या वायरी, नंबरप्लेटच्या कडेला पिवळ्या रंगाची रेघ: हा सगळा टॅक्सीचा पुरावा. टॅक्सी असणं वाईट नाही. एकाच मालकाची, बिलं जपलेली टॅक्सी लाडावलेल्या घरगुती गाडीपेक्षा चांगली निघते. लपवलेली टॅक्सी मात्र सोडून द्या.

मालकाला बरोबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरात चासी नंबरावरून सर्व्हिसचा इतिहास मागा. शेवटच्या नोंदीतले किलोमीटर आणि मीटरवरचे किलोमीटर जुळतात का ते पाहा. चासीवर कोरलेला नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. टोयोटा किर्लोस्करच्या गाडीचा नंबर 'एमबीजे' या अक्षरांनी सुरू होतो. त्याच नंबरावर एखादं रिकॉल बाकी आहे का, हेही तिथेच विचारून घ्या.

खालून

गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय पैसे देऊ नका. चासीच्या आडव्या पट्ट्या आणि मागच्या चाकांमागचा भाग स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत आवाज हवा; बद्द आवाज आला तर आत गंज आहे. कोकणातल्या आणि मुंबईच्या किनाऱ्यावरच्या गाड्यांना हा त्रास जास्त. खालून ताजा काळा रंग फासला असेल तर तो कशासाठी, हे विचारायलाच हवं.

सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा आणि चिपळूण-महाडचा २०२१ चा पूर पाहिलेल्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेलेल्या आहेत. पाण्यात बुडालेली गाडी धुतली तरी सीट बेल्ट सहसा धुतला जात नाही. तो शेवटच्या टोकापर्यंत बाहेर ओढा. तळाशी मातकट पट्टा आणि बोटाला रवाळ गाळ लागला तर तिथूनच परत फिरा.

लोअर आर्मचे बुश फाटलेत का, बॉल जॉइंटला खेळ आहे का, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस सैल आहेत का, हे हाताने हलवून पाहता येतं. हे खर्च आवाक्यातले आहेत, घासाघीस करायला उपयोगी. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. चार टायर चार वेगळ्या सालांचे असतील तर देखभाल तशीच झाली असणार.

चालवून

किमान पंधरा किलोमीटर, त्यात एक चढ हवा. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० वरून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा: इंजिन ओरडतं आणि गाडी ढकलली जात नाही तर क्लच गेला. पाय सोडताना-दाबताना खालून 'टक्' आलं तर क्रॉस. ताशी ६० च्या पुढे मागून एकसुरी घुंऽऽ येत असेल तर डिफरन्शियल. चढावर काळा धूर म्हणजे बहुधा हवेची किंवा ईजीआरची (थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणाऱ्या व्हॉल्व्हची) तक्रार, निळा म्हणजे ऑइल जळतंय. मागच्या रांगेच्या एसीला तळहात लावून दहा मिनिटं बसा. मागचा कूलिंग कॉइल गळत असेल तर छताच्या जाळीतून नुसतीच हवा येते. २०२० नंतरच्या बीएस६ क्रिस्टाला धुराड्यात फिल्टर आहे. फक्त गल्लीबोळात फिरलेल्या गाडीत तो काजळीने भरतो, तेव्हा त्याचा दिवा आणि स्कॅनरवरचा साठा पाहाच.

निघण्याआधी ड्रायव्हरच्या पायाखालचे मॅट उचला. कंपनीचा मॅट हुकात अडकवलेला असतो. त्यावर दुसरा जाड मॅट टाकलेला असेल तर काढून टाका. ही किरकोळ गोष्ट वाटते, पण २००९-१० मध्ये टोयोटाच्या नावाला सगळ्यात मोठा बट्टा लागला तो पेडलवर अडकणाऱ्या मॅटमुळे आणि चिकटून राहणाऱ्या पेडलमुळे. लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१४ मध्ये अमेरिकेत १.२ अब्ज डॉलर भरावे लागले. २०२४ च्या जानेवारीत डिझेल इंजिनांच्या चाचणीतल्या गैरप्रकारामुळे भारतातही क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्सची रवानगी काही दिवस थांबली होती. तो गैरप्रकार झाला टोयोटा इंडस्ट्रीजमध्ये, म्हणजे साकिचींच्या त्याच मागाच्या कंपनीत.

कागद आणि पहिला आठवडा

एम-परिवहन या सरकारी अॅपवर नंबर टाकून बँकेचा बोजा, विमा, पीयूसी आणि चलनं पाहा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. परराज्यातल्या गाडीला फॉर्म २८ ची एनओसी लागते आणि इथला रोड टॅक्स वेगळा. दिल्लीत डिझेल गाडीवर दहा वर्षांची मर्यादा आली तेव्हापासून तिकडच्या इनोव्हा स्वस्तात येतात, पण टॅक्स धरून हिशेब केला की स्वस्ताई बरीच आटते. पंधरा वर्षांच्या आसपासची गाडी असेल तर पुन्हा पासिंग आणि पर्यावरण कर किमतीत धरा.

गाडी घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर आणि कूलंट बदला. कूलंट गुलाबी किंवा तांबडा हवा, तपकिरी असेल तर आधीच्याने नळाचं पाणी ओतलंय. केडी इंजिन असेल आणि वॉशर बदलल्याचं बिल नसेल तर अर्धा दिवस मोडा: ऑइल पॅन उतरवून जाळी साफ करा, चारही इंजेक्टरना नवे वॉशर घाला आणि इंजेक्टरचे बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा. काढलेले जुने वॉशर पिशवीत घालून परत मागून घ्या. चार दिले तर चार बदलले.