रजिस्ट्रीत पाथ बदलला, तरी प्रोग्राम ढिम्म?
स्कॅनरसोबत आलेलं जुनं सॉफ्टवेअर बरेचदा ३२ बिटचं असतं आणि आपलं विंडोज ६४ बिटचं. अशा प्रोग्रामला विंडोज रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आणि प्रोग्रामच्या सेटिंग्ज साठवण्याच्या जागेत, वेगळाच कप्पा देतं: एचकी लोकल मशीन, त्यात सॉफ्टवेअर, त्यात वॉव६४३२नोड. मी एकदा अर्धा तास थेट सॉफ्टवेअरखालच्या कीमध्ये (की म्हणजे रजिस्ट्रीतला फोल्डर) पाथ, म्हणजे फोल्डरचा पत्ता, बदलत बसलो होतो. प्रोग्राम तिथे बघतच नव्हता!

तेव्हा आधी रेजएडिट, म्हणजे रजिस्ट्री बदलायचा विंडोजचा प्रोग्राम, उघडून वॉव६४३२नोडमध्ये कंपनीच्या नावाची की शोधा. हात लावण्यापूर्वी तिच्यावर राइट क्लिक करून एक्सपोर्ट कराच. बिघडलं तर त्या फाइलवर डबल क्लिक केलं की जुन्या व्हॅल्यू परत येतात. नवा पाथ हाताने टाइप करू नका. फोल्डरवर शिफ्ट धरून राइट क्लिक केलं की ‘कॉपी अ‍ॅज पाथ’ मिळतं. त्यात दोन्ही टोकांना अवतरणचिन्हं येतात; जुन्या व्हॅल्यूत ती नसतील तर काढून टाका. जुन्या पाथच्या शेवटी उलटी तिरकी रेघ असेल, तर नव्यालाही द्या. काही प्रोग्राम तेवढ्यावरूनही अडून बसतात. मग रेजएडिटमध्ये जुना पाथ शोधायला टाका आणि एफ३ दाबत पुढे जाऊन तो आणखी कुठे उरलाय का, तेही पाहा.