संगणकाचा तास दरवर्षी त्याच पायरीवर का अडकतो? या चुका टाळा

तिसरीत चित्रं रंगवणं, पाचवीत पत्र टाइप करणं, सातवीत स्लाइड्स, आठवीत पुन्हा पत्र, फक्त आता त्याला चौकट. कागदावर हा अभ्यासक्रम चढता दिसतो. मीही असाच शिकवत आले, आणि एके वर्षी आठवीच्या वर्गाला परवाचं काम उघडायला सांगितलं तर निम्म्यांना ते सापडलंच नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक इयत्तेच्या आखणीला एकच प्रश्न विचारते: गेल्या वर्षीचं काहीही येत नसलेलं मूल यंदाचं काम पूर्ण करू शकेल का? उत्तर ‘हो’ आलं, तर तो जिना नाही, नुसते ओळीने मांडलेले पाट आहेत.

‘मॅडम, माझी फाइल गेली!’

बहुतेक वेळा ती गेलेली नसते. डाउनलोड्समध्ये भलत्याच नावाने पडलेली असते. फोनवर फोटो आपोआप गॅलरीत जातात, फोल्डर उघडायची वेळच येत नाही. मुलांची सराईत बोटं बघून आपण धरून चालतो की यांना सगळं येतं. येतं ते स्क्रीनवर बोट फिरवणं.

चौथीच्या आसपास दोन-तीन तास यालाच द्या. इयत्तेचं फोल्डर, त्यात विषयांची फोल्डरं, फाइलच्या नावात विषय आणि तारीख. ‘सेव्ह’ आणि ‘सेव्ह अ‍ॅज’ यांतला फरक सांगू नका, करून बघू द्या: एकाने मूळ फाइल बदलते, दुसऱ्याने नवी प्रत तयार होते. एखादी फाइल मुद्दाम दुसरीकडे हलवून शोधायला लावा. त्यानंतर मात्र ‘फायनल नवीन २’ अशा नावाचं काम स्वीकारायचं नाही, अगदी दहावीपर्यंत.

टायपिंग उशिरा

दोन बोटांची सवय एकदा बसली की सहजी सुटत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा हात कीबोर्डवर बऱ्यापैकी पुरतो, तेव्हा सुरुवात करावी. तासाच्या आरंभी दहा मिनिटं पुरतात. ‘एफ’ आणि ‘जे’ या कळांवरचे उंचवटे बोटांना न बघता सापडले पाहिजेत. वेगाच्या स्पर्धा नकोत, आधी अचूकता. मराठीसाठी इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी शिकवत असाल तर ती मुलांना आवडते: स्वर डावीकडे, व्यंजनं बहुतांशी उजवीकडे, आणि ‘क’च्याच कळेवर शिफ्ट धरली की ‘ख’.

उत्तर सांगून टाकणं

प्रोग्रॅमिंगमधली ही सर्वात महागात पडणारी चूक. मुलं स्क्रॅचमध्ये (आज्ञांचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायची भाषा) चौरस काढतात: शंभर पावलं पुढे, ९० अंश वळा, असं चार वेळा. मग समभुज त्रिकोण सांगितला की बरीच मुलं ६० अंश लिहितात, कारण भूमितीच्या वहीत त्याचा कोन ६० आहे. पडद्यावर येतो अर्धा षटकोन. त्रिकोण मिटतच नाही. घड्याळाकडे बघत आपण म्हणतो, ‘१२० लिहा,’ आणि मुलं लिहितात. पंचकोनाला पुन्हा तोच प्रश्न उभा!

त्याऐवजी जमिनीवर खडूने त्रिकोण काढा आणि एका मुलाला त्यावरून चालवा. कोपऱ्यावर तो आतला कोन वळत नाही. सरळ पुढे गेला असता त्या दिशेपासून तो वळतो, म्हणजे १८० वजा ६०. पूर्ण फेरीत एकूण ३६० अंश वळणं होतं, मग पंचकोनाचे ७२ मुलं स्वतःच काढतात. १९६७ साली तयार झालेल्या लोगो या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत पुढे कासव आलं, दिलेल्या आज्ञेप्रमाणे चालत रेघ ओढणारं. लोगोच्या निर्मात्यांपैकी एक, सेमूर पॅपर्ट, यांचं म्हणणं हेच होतं की मुलाने कासवाच्या जागी स्वतःला ठेवून विचार करावा.

हीच आकृती वरच्या इयत्तेतही कामाला येते. स्क्रॅचच्या ठोकळ्यांवरून पायथॉन या टाइप करून लिहायच्या भाषेवर जाताना नवा विषय आणि नवी भाषा एकदम दिली की मुलं फळ्यावरून उतरवायला लागतात. पायथॉनसोबत कासवाचं मॉड्यूल येतंच. ओळखीचा त्रिकोण तिथे काढायला द्या, म्हणजे नवीन काय? तर फक्त ओळीच्या शेवटी विसरलेला कोलन आणि चुकलेली मोकळी जागा. लाल अक्षरांतला संदेश आधी मोठ्याने वाचायचा, मग हात वर करायचा, हा नियम ठेवा. आणि मुलाचा माउस आपण हातात घ्यायचा नाही. (हे मला अजूनही जड जातं.)

स्प्रेडशीटमध्ये बेरीज शून्य

मुलाने ‘१२ मिमी’ असं एककासकट एकाच चौकटीत लिहिलेलं असतं. संगणकाला तो मजकूर वाटतो, बेरजेत तो धरला जात नाही. एकक स्तंभाच्या शीर्षकात जावं. दुसरा प्रकार अधिक लपून राहतो: मूल बेरीज कॅल्क्युलेटरवर करून उत्तर टाइप करतं. तक्ता सुबक दिसतो, आपण गुण देतो. तपासताना एक आकडा बदलून बघा. एकूण हललं नाही तर तिथे सूत्र नाहीच. यासाठी विज्ञानाच्या प्रयोगातली मोजमापं वापरा, पुस्तकातला आयता तक्ता नको.

पासवर्ड आणि सुरक्षिततेचं वर्षातून एक भाषण ठेवलं जातं, ते विसरलं जातं. लहानांना ‘पासवर्ड मित्रालाही सांगायचा नाही’ एवढं, मोठ्यांना दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री, जसं फोनवर आलेला कोड) स्वतः सुरू करून बघणं, असं दरवर्षी थोडं थोडं द्यावं.

पुढच्या शिक्षकाला काहीच न कळणं

वर्षअखेर आपण गुणपत्रिका देतो, त्यात ‘संगणक: अ’ एवढंच असतं. त्याऐवजी इयत्तेमागे एक पान लिहा: फाइल शोधता येते किती जणांना, न बघता टाइप कोण करतं, सूत्र कोण लिहितं. नव्या वर्षाच्या पहिल्या दोन तासिका त्या पानावरची कामं करून घेण्यात घालवा. निम्म्या वर्गाला फाइल सापडली नाही, तर सातवी असली तरी तिथूनच सुरू करा आणि पुस्तकातला पहिला धडा पुढच्या आठवड्यावर ढकला.