जँगोमधील दोन फिल्टर आणि एक जादा जॉइन
ग्रंथालयाच्या, जँगो या पायथन भाषेतील वेब फ्रेमवर्कवर बांधलेल्या प्रणालीत, 2023 मध्ये नेलेले पुस्तक अद्याप परत न केलेल्या सभासदांची यादी हवी होती. पण त्या वर्षीची पुस्तके परत करून नंतरचे एखादे थकवणारेही तीत येत होते. क्वेरीसेटची (जँगोतील डेटाबेस-मागणीची) एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला जाणारी प्रत्यक्ष आज्ञा, छापून पाहिली, तेव्हा देवघेवीचे टेबल दोनदा जोडलेले दिसले. एकास-अनेक नात्यावर (इथे एका सभासदाच्या अनेक देवघेवी) एकापुढे एक दोन फिल्टर, म्हणजे निवडीच्या अटी, लावले, की जँगो प्रत्येकासाठी स्वतंत्र जॉइन (टेबलांची जोडणी) करते, त्यामुळे वर्ष एका नोंदीचे आणि थकबाकी दुसरीची असली तरी चालून जाते. दोन्ही अटी एकाच फिल्टरच्या कंसात घातल्यावर यादी बरोबर आली. दोन पुस्तके थकवणाऱ्याचे नाव मात्र दोनदा येई. तिथे पुनरावृत्ती गाळणाऱ्या डिस्टिंक्टपेक्षा, अशी नोंद आहे का एवढेच तपासणारी एक्झिस्ट्सची उपक्वेरी मला अधिक स्वच्छ वाटली. अटीत बसणारे वगळणाऱ्या एक्सक्लूडला मात्र एका कंसातील अटी एकाच नोंदीला लावण्याचा हा नियम लागू नाही, एवढे ध्यानात ठेवावे.