जुन्या इंजिनाचे पार्ट घालून आउटबोर्ड मोटर बांधताना या चुका टाळा

एका बिघडलेल्या टू-स्ट्रोक आउटबोर्डसाठी (होडीच्या मागे लावतात ती मोटर) त्याच मॉडेलचं जुनं इंजिन खोलून पार्ट काढणं हा स्वस्त आणि चांगला मार्ग आहे. तरीही अशी बांधलेली अनेक इंजिनं थोड्याच तासांत जाम होतात. पार्ट जुना असणं हे त्यामागचं कारण क्वचितच असतं. एकमेकांवर घासून जुळलेले भाग खोलताना वेगळे केले जातात आणि बांधताना सरमिसळ होते, खरी गडबड तिथे होते. म्हणून पहिला नियम खोलतानाचा आहे. एकेका सिलिंडरचा पिस्टन, पिन, रॉड, रॉडची कॅप आणि बेअरिंग एका पिशवीत ठेवा, पिशवीवर सिलिंडरचा नंबर आणि ‘हे’ इंजिन की ‘ते’ इंजिन हे लिहा.

क्रँककेसचे (क्रँकशाफ्ट ज्यात फिरतो त्या कवचाचे) दोन अर्धे भाग हे सर्वांत महागात पडणारं प्रकरण आहे. कारखान्यात ते जोडून एकत्र बोअर केलेले असतात. एका इंजिनाचा ब्लॉक आणि दुसऱ्याचं क्रँककेस कव्हर बोल्टने अगदी व्यवस्थित बसतं, पण बेअरिंगच्या जागा एका रेषेत येत नाहीत. शाफ्ट घट्ट फिरतो किंवा बेअरिंग लवकर उडतं. ब्लॉक घ्यायचा तर कव्हरसकट घ्या.

सांध्यावर बहुतेक इंजिनांत गॅस्केट नसतं, पातळ सीलंट असतं. इथे सिलिकॉन चोपडू नका. जादा सिलिकॉन आत दबतो आणि बेअरिंगला तेल पोचवणारी भोकं बंद करतो. मॅन्युअलने सांगितलेलं अ‍ॅनरोबिक (हवा न मिळाल्यावर घट्ट होणारं) सीलंट पातळ थरात लावा, आधी टेपर पिन (दोन्ही भाग नेमके जुळवणारी निमुळती पिन) ठोकून घ्या आणि मग बोल्ट आवळा. प्रत्येक टप्प्यावर शाफ्ट हाताने फिरवून पाहा. मध्येच अडकला तर पुढे आवळू नका, खोला. हा सांधा किंवा क्रँकचं वरचं-खालचं ऑइल सील हवा ओढत असेल तर त्या सिलिंडरला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळते. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलसोबतच येतं, त्यामुळे वंगणही कमी पडतं आणि पिस्टन चिकटतो. दोन्ही सील नवीनच घाला. खालचं सील गळकं असेल तर एक्झॉस्टचा धूर आणि पाणीही आत ओढलं जातं.

पिस्टन घेण्याआधी त्याचा माथा साफ करून वाचा. जुनं इंजिन पूर्वी बोअर करून घेतलेलं असू शकतं आणि माथ्यावर ओव्हरसाइझचा (मूळ मापापेक्षा किती मोठा याचा) आकडा असतो. तो न पाहता स्टँडर्ड रिंग आणल्या की पैसे फुकट. बोअर मायक्रोमीटरने वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा मोजा. हात फिरवून गुळगुळीत लागतो हे मोजमाप नव्हे. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फीलर गेजने पाहा. बोअरच्या प्रत्येक मिमीला ०.००४ मिमी हा ढोबळ हिशेब, म्हणजे ६० मिमी बोअरला सुमारे ०.२५ मिमी. नेमका आकडा मॅन्युअलचा. फट फारच कमी असेल तर तापल्यावर टोकं भिडतात आणि बोअरवर ओरखडे उठतात.

टू-स्ट्रोक पिस्टनच्या रिंगच्या खाचेत बारीक पिन असते. रिंगची टोकं पिनीच्या दोन्ही बाजूंना बसली नाहीत तर बोअरमध्ये ढकलतानाच रिंग तुटते. बरं, क्रॉस-फ्लो इंजिनात (मिश्रण एका बाजूने येतं, धूर समोरच्या बाजूने जातो) पिस्टनच्या माथ्यावर उंचवटा असतो. त्याची उभी बाजू ट्रान्सफर पोर्टकडे (ताजं मिश्रण आत येण्याचं भोक), उताराची बाजू एक्झॉस्टकडे. उलटा बसवला तर इंजिन चालेल, पण जीव नसेल आणि रिंगची टोकं पोर्टमध्ये अडकू शकतात. लूप-चार्ज इंजिनाचा सपाट पिस्टन यात घालण्याचा विचारही करू नका. पिस्टनची पिन जागेवर धरणाऱ्या सर्कलिप (कड्या) प्रत्येक वेळी नवीन.

रॉडची कॅप तडा देऊन वेगळी केलेली असेल तर ती एकाच रॉडवर, एकाच दिशेने बसते. सांध्यावर नख फिरवा. नख अडकलं तर कॅप उलटी आहे किंवा दुसऱ्या रॉडची आहे. बेअरिंगचे सुटे नीडल (सुईसारखे बारीक रोलर) मोजून काढा, मोजून भरा.

फ्लायव्हील, स्टेटर (वीज बनवणारी कॉइल), ट्रिगर (स्पार्कची वेळ सांगणारा भाग) आणि सीडीआय (स्पार्क सोडणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) हा संच एकाच इंजिनाचा ठेवा. चुंबकांची मांडणी वेगळी असली तर स्पार्क येतो, पण चुकीच्या वेळी. फ्लायव्हीलचा आणि शाफ्टचा टेपर कोरडा, स्वच्छ हवा. ग्रीस लावून बसवलं आणि नट पूर्ण टॉर्कने आवळला नाही तर चावी (फ्लायव्हील शाफ्टवर नेमक्या जागी धरणारा छोटा तुकडा) कापली जाते आणि टायमिंग सरकतं. काढताना पुलर वापरा, काठावर हातोडा मारला तर चुंबक सुटतात.

कार्ब्युरेटरबाबत एकच सांगणं आहे. त्याच ब्लॉकवर वेगवेगळ्या अश्वशक्तीची मॉडेलं निघतात आणि जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) वेगळे असतात. नंबर जुळवा. लहान जेटने मोठं इंजिन चालवलं की पिस्टनला भोक पडतं.

खालचा गियरकेस बदलताना तीन गोष्टी पाहतात: शाफ्टची लांबी (साधारण १५, २० किंवा २५ इंच), स्प्लाइनचे (शाफ्टच्या टोकावरच्या खाचांचे) दाते आणि गियरचं गुणोत्तर. तिसरी गोष्ट हमखास विसरली जाते. पिनियन आणि फॉरवर्ड गियरचे दाते मोजा. गुणोत्तर चुकलं तर इंजिन ठरलेल्या आरपीएमला पोचत नाही किंवा त्यापुढे पळतं. गियर वेगळ्या केसमध्ये घातले तर शिम (पातळ चकत्या) नव्याने लावून बॅकलॅश (दात्यांमधली मोकळी जागा) तपासावा लागतो. पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (रबरी पात्यांचं चाक) जुना वापरूच नका. घालताना शाफ्ट चालण्याच्या दिशेने फिरवत हाउसिंग बसवा, म्हणजे पाती योग्य बाजूला दुमडतात.

सुरू करताना मोटर पाण्याच्या टाकीत ठेवा आणि पाण्याची पातळी पंपाच्या वर असू द्या. कोरडी मोटर काही सेकंदही चालवू नका. ब्रेक-इनला (नवीन भाग जुळेपर्यंतच्या सुरुवातीच्या चालण्याला) मॅन्युअल पेट्रोल-तेलाचं २५:१ प्रमाण सांगत असेल तर लिटरला ४० मिली टीसी-डब्ल्यू३ (आउटबोर्डसाठीचं टू-स्ट्रोक) तेल, नंतर ५०:१ म्हणजे २० मिली. जुन्या साध्या (रोलर नसलेल्या) बेअरिंगच्या पॉवरहेडला (मोटरचा वरचा इंजिनाचा भाग) कायम जास्त तेलच लागतं, तिथे ५०:१ वर जाऊ नका.

गडबड असेल तर लक्षणं बोलतात. चोक थोडा ओढल्यावर इंजिन सुधारलं, कार्ब्युरेटरमधून शिंकल्यासारखा आवाज आला, तर पेट्रोल कमी पडतंय: आधी सांधे आणि सील, मग जेट. एकाच सिलिंडरचा प्लग पांढरा असेल तर हवा त्याच बाजूने शिरतेय. कॉम्प्रेशन थ्रॉटल पूर्ण उघडून मोजा. सिलिंडरांमध्ये १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर हेड गॅस्केट आणि रिंग पाहा. सगळीकडे सारखंच थोडं कमी असेल तर रिंग अजून बसायच्या आहेत, घाईने खोलू नका. इंजिन थंड करून बाहेर येणारी पाण्याची धार कमकुवत असेल तर पंपाआधी पाण्याच्या नळीचा सांधा तपासा. गियरकेस बदलल्यावर नळी बाहेरच राहण्याची शक्यता जास्त.

इंजिन तापून गार झाल्यावर हेडचे बोल्ट मॅन्युअलच्या क्रमाने पुन्हा टॉर्क करा आणि पहिल्या काही तासांनंतर गियर तेलाचा स्क्रू सैल करून थेंब पाहा. दुधाळ दिसलं तर एखाद्या सीलमधून, बहुधा प्रॉप शाफ्टच्या, पाणी शिरतंय.