‘फ्रायबल’ हा इंग्रजी शब्द नेमका कसा वापरावा

धुळे-जळगावकडच्या मुलांना मी बरीच वर्षं शेतीचं इंग्रजी शिकवतो आहे. ‘फ्रायबल’ (friable) या विशेषणाशी गाडी दरवर्षी अडते. ‘रोज दहा शब्द पाठ करा’ हा सल्ला इथं काहीच कामाचा नाही. शब्द पाठ असतो आणि वाक्य चुकतं.

उच्चार फ्राय-अ-बल, जोर ‘फ्राय’वर. तळण्याशी त्याचा संबंध नाही. लॅटिनमधल्या चुरणे या अर्थाच्या ‘फ्रिआरे’ क्रियापदावरून तो 16व्या शतकात इंग्रजीत आला. अर्थ एवढाच: हलक्या दाबानं ज्याचा चुरा होतो ते.

खरी अडचण पुढे आहे, मराठी प्रतिशब्द लावताना. कोणी ‘ठिसूळ’ लिहितं. मला ते मान्य नाही. केळीचा वेफर कडकन मोडतो, त्याचे तुकडे होतात. तो ठिसूळ, इंग्रजीत ‘ब्रिटल’. वरण-बट्टीतली बट्टी बोटांनी दाबली की चुरते. या दोन्हींतला फरक जिभेला कळतो, तसा लिहितानाही कळायला हवा.

दुसरा शब्द ‘भुसभुशीत’. त्यानं मला स्वतःला फसवलं. एका माहितीपत्रकाचं भाषांतर करताना मी बेधडक लिहून टाकलं, ‘जमीन भुसभुशीत असताना मशागत करा.’ तापीकाठच्या एका शेतकऱ्यानं ते वाचून विचारलं, ‘भाऊ, भुसभुशीत तर मशागतीनंतर होते ना?’ मला उत्तर देता येईना. मग त्यांनीच शेतातलं एक ढेकूळ माझ्या हातात दिलं आणि दाबायला सांगितलं. पाऊस होऊन काही दिवस झाले होते, वाफसा आला होता, म्हणजे मातीत मशागतीपुरती मधली ओल उरली होती. ढेकूळ बोटांत सहज फुटलं आणि त्याचे बारीक कण झाले. तेव्हा डोक्यात उजेड पडला. ते ढेकूळ फुटण्याआधीच फ्रायबल होतं. भुसभुशीत म्हणजे आधीच मोकळं झालेलं; फ्रायबल म्हणजे अजून एकसंध, पण दाबलं की मोकळं होणारं. नदीची सुटी वाळू म्हणूनच फ्रायबल नाही. मृदाशास्त्रातही ओलसर मातीचं वर्णन करताना ‘लूज’, ‘फ्रायबल’ आणि ‘फर्म’ हे वेगवेगळे वर्ग आहेत.

आपल्या काळ्या जमिनीत हे फार चांगलं दिसतं. ओली असताना ती बोटांना चिकटते आणि वळली जाते. पूर्ण वाळली की ढेकूळ दगडासारखं होतं. मधल्या ओलीतच ती फ्रायबल असते. म्हणून मातीच्या बाबतीत मी आता ‘वाफशावरची, सहज चुरणारी’ असं लिहितो. दोन शब्द जास्त गेले तरी चालतील, पण शेतकऱ्याला चुकीची वेळ सांगितली जाऊ नये.

मातीबाहेर हा शब्द ठरावीक सोबत्यांबरोबरच येतो. ॲस्बेस्टॉस हे तंतूंचं खनिज हाताच्या दाबानं चुरत असेल तर ते फ्रायबल. त्याचे तंतू हवेत उडतात, म्हणून धोका मोठा. छपराचा धड ॲस्बेस्टॉस-सिमेंट पत्रा मात्र नॉन-फ्रायबल, कारण तंतू सिमेंटनं धरून ठेवलेले असतात. डॉक्टर ‘फ्रायबल टिश्यू’ म्हणतात तेव्हा स्पर्श होताच फाटणारी, रक्त येणारी पेशीजालं असा अर्थ घ्या; तिथं ‘भुसभुशीत’ लिहिणं ही गंभीर चूक आहे. औषधनिर्मितीत ‘फ्रायबिलिटी’ हे नाम भेटतं: गोळ्या फिरत्या ड्रममध्ये साधारण 100 फेरे घोळवतात आणि वजनातली घट 1 टक्क्याहून जास्त नाही ना, हे पाहतात.

व्याकरण सोपं आहे. नामाआधी किंवा ‘इज’नंतर, दोन्हीकडे चालतो.

आणि बट्टीला इंग्रजीत फ्रायबल म्हणू नका. अर्थ जुळतो, पण हा शब्द प्रयोगशाळेतला आणि अहवालातला आहे. ताटातल्या पदार्थाला ‘क्रम्ब्ली’ म्हणतात. सरावासाठी वाक्य हवं असेल तर पावसानंतर शेतात जा, रोज एक ढेकूळ दाबून पाहा आणि ज्या दिवशी ते चुरेल त्या दिवशी लिहा: ‘द सॉइल इज फ्रायबल टुडे.’